गोळ्या निवडणारी

दादा हजार मीटरवरचा नेमबाज, पण त्याच्या गोळ्या निवडायची धाकटी बहीण. नाजूक काट्यावर ती एकेक गोळी तोलायची, केसभर फरक दिसला तरी बाद करायची आणि एकसारख्या गोळ्यांचीच काडतुसं भरून त्याला द्यायची. आठ वर्षं हेच चाललं होतं. यंदा तिनेही स्पर्धेत नाव घातलं, तर तो खो खो हसला. "तांदूळ निवडणं वेगळं आणि नेम धरणं वेगळं!"

दोघांच्या रायफली एकाच मापाच्या. स्पर्धेच्या सकाळी तिने त्याची डबी त्याच्या हातात दिली. त्याचं लक्ष मात्र तिच्या पिशवीतल्या डबीवर.

"चांगला माल स्वतःला ठेवलास होय? आण ती इकडे."

"दादा, ती नको. अरे, त्यात..."

"तोंड बंद ठेव!" हातातली डबी तिच्या अंगावर भिरकावून त्याने तिची डबी हिसकावली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खाली पडलेली त्याची डबी उचलून आपल्या पिशवीत टाकली.

दुपारी तो तणतणत आला. "एक गोळी वर, एक खाली! चारचौघांत नाक कापलंस माझं. निवडलेल्या गोळ्या कुठे लपवल्यास?"

"तू घेतल्यास त्या बाद केलेल्या. माझ्यासाठी तेवढ्याच उरल्या होत्या." तिने गळ्यातलं पदक नीट केलं आणि रिकामी डबी त्याच्यापुढे आदळली. "निवडलेल्या तू माझ्या अंगावर फेकल्यास."