जर्मनीचा खर्च

"तिथलं सरकार एका लेकरामागं जेवढा पैसा लावते नं, तेवढ्यात आपल्या इथचे कितीतरी लेकरं शिकून निंगतीन," आचल सांगत होती, आणि कौशल्याबाईंना वाटलं, झालं, आता संपलं सगळं.

हिला बोलवायची बुद्धी त्यांचीच. जिल्हा परिषदेच्या या शाळेचा पट घसरत घसरत तळाला आला होता. उद्यापर्यंत आणखी एक नाव आलं नाही, तर शाळेला कुलूप लागणार होतं आणि उरलेली पोरं पलीकडच्या गावच्या शाळेत जाणार होती. उन्हाळाभर बाई दारोदार हिंडल्या. जावं तिथे चहा मिळे, पोर काही मिळेना. ज्याला त्याला कॉन्व्हेंट हवं. कॉन्व्हेंटची पिवळी गाडी दारात येते, पोरगं टाय लावून ऐटीत चढतं. त्यापुढे बाईंचं काय चालणार? दप्तर फुकट देऊ केलं, तर लोक असे बघायचे, जणू बाईच काही मागायला आल्यात. पाय दुखत होते ते दुखतच होते, पण मन त्याहून जास्त थकलं होतं.

मग कळलं, आचल सुट्टीवर आलीय. याच शाळेत शिकलेली, पुढे नागपूरच्या सरकारी कॉलेजातून नर्स झालेली आणि आता जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरीला असलेली आचल. बाईंना हुरूप आला. त्यांनी पालक जमवले, सतरंज्या घातल्या. पोरीने उभं राहून 'मी इथेच शिकले' एवढं म्हटलं, तरी पुरे होतं.

पण पोरीने मोबाइलमधले फोटो काढले. तिथली शाळा, तिथली प्रयोगशाळा, पोहायचा तलाव. "हे सारं सरकारी बरं का," ती म्हणाली, आणि मग तिने वर पाहिलं. "आपल्या इथं पत्रे अजून माह्याच वेळचे दिसतेत." खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

पालकांची कुजबुज सुरू झाली. एक जण उठून चपला शोधायला लागला. बाईंना आचलचा राग आला, मग रागावण्याचाही कंटाळा आला.

तेवढ्यात मागून मुकेश उभा राहिला. हा आचलच्याच वर्गातला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि भाजीपाल्याच्या शेतीत पडला. त्याची मुलगी समीक्षा यंदा पहिलीत जायची होती. बाईंनी सगळ्यात जास्त खेटे घातले होते ते त्याच्याच घरी.

"आचल, एक सांग. तुह्यावर त्या जर्मनीनं किती खर्च केला?"

"माह्यावर?" ती हसली. "माह्यावर कायले करतीन? मी तं सारं शिकूनच तिकडं गेली."

"म्हंजे पहिलीपासून नर्स होयेपर्यंत खर्च आपल्याच सरकारचा?"

आचलने मोबाइल खाली केला. "हो. जवळजवळ साराच."

"अन् त्याईले आयती नर्स भेटली."

चपला शोधणारा थांबला. बाईंना गलबलून आलं. इतकी वर्षं त्यांना हेच तर सांगायचं होतं. या जुन्या पत्र्यांखालीही माणूस घडतो, आपल्याच लोकांच्या पैशातून घडतो. ते एकालाही पटवता आलं नव्हतं, आणि वर्गात कधी हात वर न करणाऱ्या या पोराने ते भर सभेत बोलून दाखवलं होतं.

मुकेश पुढे टेबलाशी आला. "बाई, लिहून घ्या समीक्षाचं नाव."

शाळा वाचली होती. बाईंनी पेन उघडलं, पण डोळे भरून आल्यामुळे त्यांना समोरचं नीट दिसेना.

"तुले समजलं रे, मुकेश," त्या म्हणाल्या.

"समजलं नं, बाई. इथं फुकटात शिकवाचं अन् तिकडं पाठवाचं," मुकेश म्हणाला. "फक्त असं शिकवजा, का पोट्टीवर इथं राहाची पाळी नाई आली पाह्यजे."