अंगठा

कळव्याच्या खाडीकाठी शेवंतीबाई एकटीच राहायची. दोन्ही डोळे गेलेले, म्हणून सरकारचं निराधार पेन्शन मिळायचं. पोस्टमन नाथा महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर घेऊन यायचा. तिचा अंगठा धरून शाईला लावायचा, कागदावर दाबायचा आणि वर फडक्याने पुसूनही द्यायचा.

मग नव्या रस्त्यात तिची खाडीकाठची जमीन गेली आणि भरपाईची घसघशीत रक्कम हातात पडली. म्हातारीचं नशीब फळफळलं म्हणत अख्खी आळी पेढे खाऊन गेली, ती पुन्हा फिरकली नाही. आता ही बाई निराधार कसली, असं म्हणून सरकारनेही पेन्शन बंद केलं.

नाथाची सायकल दारावरून पुढे जाऊ लागली. एके दिवशी घंटी ऐकून तिने त्याला हाक मारली आणि पदराची गाठ सोडून नोटा पुढे केल्या.

“नाथा, यातले थोडे थोडे दर महिन्याला माझ्याच नावाने मनीऑर्डर कर.”

“मावशी, अगं डोकं फिरलं का तुझं? स्वतःचेच पैसे स्वतःला पाठवायचे? वर कमिशन फुकट जाणार ते वेगळंच!”

“जाऊ दे रे,” शेवंतीबाई म्हणाली, “अंगठा धरायला तरी येशील.”