पाव्हणे येण्याआधी उजेड

नाथाजीने वायरीचं टोक चिमटीत धरून वाकवलं, तसा रबराचा भुगा त्याच्या तळहातावर पडला. आतली तांब्याची तार उघडी झाली.

"ही घालनार न्हाई मी," तो म्हणाला.

सुभेदार सयाजीराव ओट्यावर बसले होते. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान मोडीत निघालं, तेव्हा त्यांनी या वायरीची भेंडोळी घेऊन ठेवली होती. सांगलीत कृष्णेच्या अंगाला घर बांधून झालं होतं. गल्लीत विजेचे खांबही आले होते. आता घरात दिवे तेवढे लागायचे होते.

"नवी हाय की ती. हातसुदा लावला न्हाई कुनी."

"म्हनूनच वाळली, आवं. पडून पडून रबर वाळलं की ते असून नसल्यासारखं."

सुभेदारांच्या कपाळाला आठी पडली. काम हातचं जातंय, असं नाथाजीला वाटलं. हे काम रंगूबाईने, त्याच्या मावशीने मिळवून दिलं होतं. 'बोलणं झालंय, धुतलेला सदरा घालून जा,' एवढंच ती म्हणाली होती. आधीच्या कंत्राटदाराशी अशाच वायरीवरून वाजलं होतं आणि तेव्हापासून नाथाजी रिकामाच होता. लष्कराच्या वर्कशॉपात शिकलेली विद्या पाटणकडे गावी काय कामाची? तिकडे वीजच नव्हती.

"बरं, वायर नवी घिऊ," सुभेदार म्हणाले. "लाकडी पट्ट्या मारा अन् उरका बिगीबिगी."

"लाकूड चालायचं न्हाई. पुराची ओल भितीत वर चढती. लाकूड पानी पितं, अन् करंट भितीत उतरतो. लोखंडी पाइप घालू. पाइपाला तार जोडून ती जमिनीत पुरू. कवा वायर उघडी पडलीच, तर करंट जमिनीत जाईल, मानसाच्या अंगात न्हाई."

"पाइपाला दिस लागतील."

"लागतील."

"घरात लगीन ठरायचंय," सुभेदारांनी आतल्या दाराकडे मान वळवली. "पाव्हणं येनार बघायला. सुभेदाराच्या घरात कंदील बघून जावं व्हय त्यांनी?"

दारात त्यांची मुलगी अंजना उभी होती. नाथाजीने नजर खाली घेतली आणि भेंडोळं बाजूला ठेवलं.

"कंदील बघून गेल्यालं पाव्हणं परत येतं. करंटनं गेल्यालं मानूस येत न्हाई."

सुभेदारांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि ते रस्त्याकडे बघत राहिले.

"माजी थोरली भन, बनुबाई, अशीच गेली," अंजना म्हणाली. तिचा आवाज हलला नाही. "सासर लय मोठं. खोलीखोलीत दिवे. मोरीच्या भितीला वला हात लागला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नाथाजीला झालं.

"तुमच्या सोताच्या घरात काय घातलं असतं?" तिने विचारलं.

"मला कुटलं घर. मावशीकडं ऱ्हातो."

"उद्या घर झालं तर?"

"ह्योच पाइप. मग दिवा येकच का लागंना."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. "घाला पाइप," सुभेदार म्हणाले.

काम सुरू झालं. नाथाजी पाइप कापायचा, तोंड कानशीने घासायचा, मगच वायर ओढायचा. अंजना येता-जाता उभी राहायची.

"तोंड कशाला घासताय?"

"कडंला धार ऱ्हाती. वायर वडताना साल निघतं."

तिने कडेवरून बोट फिरवलं. "हितं अजून लागतंय."

लागतच होतं. त्याने पुन्हा घासलं. मोरीजवळ बटण बसवायला मात्र त्याने साफ नकार दिला, ते दाराबाहेर कोरड्या भिंतीवर घेतलं. पाइपाची तार जमिनीत न्यायला परसात खड्डा काढून कोळसा आणि मीठ भरलं, त्यात तारेला जोडलेला पत्रा पुरला. खड्ड्यात ओल राहावी म्हणून अंजनाने स्वतः कळशीने पाणी ओतलं.

दुपारी जेवायला सुभेदार त्याचा पाट आपल्या शेजारी मांडायला लावत. गाव, भाऊ, शेत, लष्करात काय काय केलं, सगळं विचारत. पेन्शनीतली माणसं बोलायला भुकेलेली असतात, असं नाथाजीला वाटे. तो जेवढ्यास तेवढं सांगे.

काम संपत आलं तसा त्याचा पाय तिथून निघेना. ही मुलगी आता कुठल्यातरी घरात जाणार. तिथली भिंत कुणी तपासली असेल का? एका संध्याकाळी धीर करून तो सुभेदारांना म्हणाला, "लहान तोंडी मोठा घास घेतो. पोरगी देन्याआदी त्या घरची वायर बघून घ्या."

"बघतोच हाय," सुभेदार म्हणाले.

शेवटी तो दिवस आला. तिन्हीसांजेला नाथाजीने मेन स्विच चढवला. पाइपाला स्वतःचा हात लावून पाहिला, मग बाजूला झाला. अंजनाने एकेक बटण दाबलं. सोप्यातला दिवा लागला, मग माजघरातला, मग मोरीतला. सुभेदार मोरीच्या दारात जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी त्या भिंतीवर हात टेकवून ठेवला. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा झाला होता.

नाथाजीने हत्यारं पिशवीत भरली.

"झालं काम," तो म्हणाला. "आता पाव्हन्यास्नी निरोप धाडाय हरकत न्हाई. कवा येनार ते?"

सुभेदारांनी मुलीकडे पाहिलं.

"पाव्हणं व्हय?" अंजना दिव्याखाली उभी राहून म्हणाली. "पाव्हणं तर पयल्या दिसापासनं आमच्या भितीला पाइप ठोकत्यात."