सिनेटरसाहेबांचा मुक्काम

बायबलवर हात ठेवून सिनेटर होरेस पेल यांनी शपथेवर सांगितलं, की गेली पाच वर्षं आपण विलो फोर्डच्या या जमिनीवरच घर करून राहतो, दुसरीकडे कुठंही नाही. जमीन कचेरीतल्या कारकुनानं मान वर न करता ते लिहून घेतलं.

साहेब राहत ओहायोत. निवडूनही तिथूनच जात. इकडे डाकोटात येत ते वर्षातून एकदा, जुलैत, रात्रीपुरते. आपल्या एकखणी लाकडी घरात झोपत, सकाळी चूल पेटवून कॉफी करत आणि गाडी गाठत. एका वर्षी डासांमुळे रात्र हॉटेलात काढली, पण चूल मात्र सकाळी येऊन पेटवली.

सरकारी जमीन फुकटात नावावर व्हायला पाच वर्षांचा सलग मुक्काम आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष लागे. विलो फोर्डात साक्ष नांगरासारखी उसनी मिळे. आज तू माझी दे, उद्या मी तुझी. शिवाय डाकोटा अजून वॉशिंग्टनच्या ताब्यातला नुसता प्रदेश होता आणि त्याला राज्याचा दर्जा द्यायचं विधेयक पेलसाहेबांच्याच समितीत पडून होतं. दर जुलैत ते स्वतःला या मातीचा लेक म्हणवत आणि विधेयक पुढच्या अधिवेशनावर ढकलत. तोवर इथल्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये मत नव्हतं. न्यायाधीशसुद्धा तिकडून धाडलेला यायचा, आला तर.

आधी लोहार क्रेनेकनं साक्ष दिली. मग विधवा शेर्स्ती आसेन उठल्या. राज्याच्या अर्जावर सह्या घ्यायला सहा हिवाळे घरोघर हिंडलेल्या बाई. साहेबांच्या चुलीचा धूर आपण पाचही वर्षं पाहिलाय, एवढंच त्यांनी सांगितलं.

शिक्का बसला. साहेबांनी दोघांशी हात मिळवले आणि विधेयकाचं पुढच्या अधिवेशनात नक्की बघतो म्हणाले.

आसेनबाईंनी कारकुनाकडं साहेबांच्या जबानीची शिक्क्याची नक्कल मागितली. ती कशाला, असं साहेबांनी हसत विचारलं.

"ओहायोला पाठवते. तिकडं निवडणूक आलीय ना? तुम्ही पाच वर्षं त्यांच्याकडं राहतच नाही, हे त्या बिचाऱ्यांना कळायला नको?"

साहेबांचं हसू मावळलं. "अहो बाई, मग मी सिनेटर राहीन कसा?"

"इथून निवडून देऊ की, साहेब," नकलेची घडी घालत बाई म्हणाल्या. "तेवढं आधी राज्य होऊ द्या."