आबांचा क्लच

भूषणने क्लचचं ऑइल स्वतःच्या हाताने बदललं आणि आबा जेवले.

पण हे अजून घडायचंय असं धरून चालू. कारण सकाळी साडेदहाला आबा पांझरा नदीच्या काठच्या भिंतीवर बसून होते, खाली पान वाढून ठेवलेलं होतं आणि ते उतरायचं नाव घेत नव्हते.

गेल्या दहा दिवसांत आबा घरात कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. वडिलांचा धाक भूषणला लहानपणापासून होता, पण तेव्हा निदान शिव्या तरी ऐकू यायच्या. हे नुसतं बघत बसणं त्याहून वाईट होतं.

मंडळींनी तासभर मनधरणी केली. नवलकाकांनी बांधाचा वाद सोडून द्यायचं कबूल केलं. भूषणच्या आईने, म्हणजे बेबाबाईने, धाकट्या लेकीला, मोहिनीला, नर्सिंगला पाठवायचा शब्द दिला. आबांनी मान वाकडी करून सगळं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

मग भूषणची बायको दिपमाला हळूच म्हणाली, "अहो, ते गाडीचं तर नसेल?"



आबांनी साठीनंतर हौसेने घेतलेली थोराड मोटारसायकल. तिच्या क्लचला वायर नव्हती, तो तेलाच्या दाबावर चालायचा. ते तेल दोन वर्षांनी बदलायचं आणि घरच्या माणसानेच बदलायचं, हा आबांचा हुकूम. मेस्तरी स्क्रूची डोकी खातात, असं त्यांचं ठाम मत. भूषण जळगावला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळायचा. धुळ्याला आला की म्हणायचा, "पुढच्या रविवारी करतो, आबा." असे दीडेकशे रविवार झाले होते.

"भो, आज आबा उपाशी राह्यनात ना," नवलकाका म्हणाले, "त तुले जलमभर सोडाव नहीत."

भूषणला ते पटलं.

काकांनी गाडी छोटा हत्ती टेम्पोत घालून काठावर आणली. आबांना बसल्या जागेवरून दिसेल अशी उभी केली. पाने आले, पारदर्शक नळी आली आणि पडवीतली तेलाची अर्धी बाटलीही आली. ती फोडून वर्ष झालं होतं. फोडलेलं तेल हवेतली ओल पितं, ते वापरायचं नाही, हे आबांनी वीस वेळा सांगितलेलं. पण कोणाला कळतंय, असा विचार करून भूषणने झाकण फिरवलं.

आबा एकदाच ओरडले.

"डोया वटारीसन देखी राह्यनात," काका कुजबुजले.

भूषणने बाटली खाली ठेवली. काकांनी हायवेवरच्या दुकानातून सीलबंद बाटली आणली.

हे तेल रंग खातं म्हणून त्याने टाकीवर टॉवेल टाकला. हँडलवरच्या डबीचं झाकण काढलं. खाली इंजिनाजवळ जुनं तेल बाहेर सोडायचं निपल होतं, त्याला नळी लावली. दिपमाला लिव्हर धरून उभी राहिली.

"दाब. दाबून धर."

"धरलंय."

त्याने निपल अर्धा आटा सैल केला. नळीतून कडक चहासारखं काळं तेल आलं. निपल आवळला.

"सोड."

"किती वेळा करायचं हे?"

"हळू बोल. ऐकतायत ते."

दाब, सोड, दाब, सोड. वरून नवं तेल, खालून जुनं. डोक्याला ऊन चटचट लागत होतं, टोपी आणायला हवी होती. भूषणने मध्येच वर पाहिलं. आबा भिंतीवरून दोन हात पुढे सरकले होते. तो बघतच राहिला आणि डबीतलं तेल संपलं. आत हवा शिरली.

लिव्हर हँडलला जाऊन टेकली.

"अहो, हे तर मेलं!" दिपमाला म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने जीभ चावली.

भूषणला रडू येत होतं. त्याने डबी काठोकाठ भरली. पुन्हा दाब, पुन्हा सोड. नळीत बुडबुडे. तीस वेळा बुडबुडे. बेबाबाईने पदर तोंडाला लावला. "लवकर कर रे भो, बठ्ठा लोक उपाशी शेतस. त्यासले बी भूक लागनी व्हई."

चाळिसाव्या खेपेला नळीतून स्वच्छ, सोनेरी धार आली. दिपमालाची बोटं थबकली.

"घट्ट लागतंय," ती म्हणाली. "अहो, खरंच."

भूषणने निपल आवळला, झाकण बसवलं आणि भिंतीसमोर उभा राहिला. हात काळेच होते.

"झालं, आबा. घरच्याच माणसाने केलं. सीलबंद वापरलं. पुढच्या वेळी तारीख चुकवणार नाही."



आबांनी एका डोळ्याने गाडी पाहिली, मान वळवून दुसऱ्या डोळ्याने भूषणला पाहिलं, मग पंख पसरले, खाली आले आणि पिंडाच्या भातात चोच खुपसली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. भूषणने तेलकट हात जोडले आणि कार्यालयातल्या कागदांवर रोज उमटायची तीच भाषा तोंडातून बाहेर पडली: "सबब, वरिष्ठांस नम्र विनंती, की मयत भाईदास ऊर्फ आबा यांस पुढील जन्मी मोटारसायकल मंजूर करण्यात येऊ नये, करणे अपरिहार्यच असल्यास, ती वायरच्या क्लचची असावी."