मागचा आवाज

"हा घेतला ना, की ठमीची झोप उडालीच समज," तिनं तिसऱ्यांदा सांगून बघितलं.

दुकानाच्या मागच्या भागातल्या काचेच्या खोलीत सेल्समननं दोन साउंडबार मांडून ठेवले होते. एक नुसती लांबट पट्टी. दुसऱ्याबरोबर जमिनीवर ठेवायचा वूफर आणि सोफ्याच्या पाठीमागे लावायचे दोन छोटे स्पीकर. सवलतीत दुसराही आवाक्यात आला होता आणि नवऱ्याचा जीव त्याच्यातच अडकला होता.

"आपली ठमी?" नवरा हसला. "वरच्यांकडे दिवसभर ड्रिल चाललं होतं, बाईसाहेबांनी कूससुद्धा बदलली नाही. इतकं शहाणं पोर कुणाचं असतं?"

ठमी नुकती चालायला लागली होती. आईच्या हातातून सुटून ती डुगडुगत वूफरपाशी गेली. सेल्समननं कुठल्याशा लढाईचा प्रसंग लावला. जमीन थरथरली. ठमीनं दोन्ही तळवे डब्यावर टेकवले आणि खुदकन हसली.

"घ्या! खऱ्या मालकीणबाईंना पटला," सेल्समन म्हणाला.

"घरी वॉशिंग मशीनला गाल लावून बसते," नवरा कौतुकानं म्हणाला. "कपडे पिळायला लागले की हलायला तयार नसते."

"आता खरी गंमत. वूफर आणि पुढचं सगळं बंद करतो. फक्त मागचे ऐका."

पाठीमागून कुत्रा भुंकला. इतका जवळून, की ठमीची आई दचकून उभीच राहिली. नवऱ्यानं गर्रकन वळून बघितलं आणि स्वतःलाच हसला.

ठमी वळली नाही. लांबून कुत्रा दिसला तरी कडेवरून झेपावणारी ठमी. तिनं तळवा उचलून बघितला, पुन्हा डब्यावर ठेवला, पुन्हा उचलला.

आई सेल्समनकडे वळली.

"परत लावा."

"मॅडम, आवडलं ना?"

"परत लावा. मोठ्यानं."

कुत्रा भुंकला. अगदी अंगावर आल्यासारखा. ठमी डब्याकडेच बघत होती.

"अगं, खोटा आहे तो," नवरा म्हणाला. "एवढं घाबरायला काय झालं? पांढरीफटक पडलीयेस."

ती मनातल्या मनात ठमीचं एकेक ताडून बघायला लागली. पाळण्याशी वाकलं की हसते. दिवा लावला की मान वळवते. समोरून हात पसरले की धावत येते. समोरून. तिला आठवत होतं ते सगळं समोरचंच होतं. आणि दिवसभर तिचं पोरीवर लक्ष असायचं, शिंक आली तरी ती धावायची, मागून हाक मारायची वेळच यायची नाही.

ती लेकीच्या मागे जाऊन उकिडवी बसली. हात लागू दिला नाही, सावलीही पडू दिली नाही.

"ठमे."

मग जरा मोठ्यानं, "ठमे, ए ठमे!"

"काय करतेयस तू?" नवऱ्याचं हसू ओठावरच थांबलं होतं.

तिनं जीव खाऊन हाक मारली. सेल्समनच्या हातातला रिमोट खाली पडला. काचेपलीकडची माणसं वळून बघायला लागली.

ठमी तेवढी पाठमोरीच. गप्प झालेल्या डब्यावर ती एका हातानं थापट्या मारत होती, पुन्हा सुरू हो म्हणून.