वीस ग्रॅमची मर्दुमकी

"खरं वाटणार नाही डॉक्टरीणबाई, पण महिनाभर मी दिवसाला अवघी वीस ग्रॅम कर्बोदकं खाल्ली!" गुर्जरतात्यांनी छाती फुगवली.

"वा! मी पन्नास देणार होते. पण वीस मानवतायत, तर तेवढीच कायम ठेवू."

तात्यांची फुगलेली छाती खाली बसली. रविवारी पुतणीचं लग्न होतं, आणि पंगतीला जिलबी!

"छे, शंभर लिहा! वीसवर इतका हलका झालो, की परवा पंखा लावताच तरंगत कपाटावर जाऊन बसलो. हिनं स्टूल लावून उतरवलं."

डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

"अहो, पंखा पाडव्यापासून बंद आहे!" काकू कडाडल्या. "माणूस बोलवा म्हणून मी ओरडतेय, आणि तुम्ही रोज श्रीखंडपुरी चापून घोरताय!"